कामरगावात अडकलेली नऊ हजार माणसं

बॅकअप घ्यावा लागतो, हे मला माहीत होतं. मी तो घेतलाही होता. एकदा नाही, पाचदा घेतला होता. पाचही बॅकअप पाच ठिकाणी अगदी सुखरूप राहिले, त्यातल्या एकालाही धक्का लागला नाही. धक्का लागला तो मला!

कारंज्यात लोक मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दुसरी म्हणजे माझ्या गच्चीवरची लांबलचक तार. ती माझी अँटेना. मी हॅम रेडिओवाला आहे. म्हणजे सरकारचा परवाना काढून, घरच्या घरी माईकसमोर बसून, जगभरातल्या अनोळखी माणसांना हाका मारणारा. (त्याच तारेवर आमची ही साड्या वाळत घालते. साड्या ओल्या असल्या की दक्षिण अमेरिका नीट ऐकू येत नाही, हे मी तिला प्रयोग करून दाखवलं. तिनं आणखी दोन साड्या आणून टाकल्या.)

या छंदात बोलण्याइतकंच लिहिण्यालाही महत्त्व आहे. कोण भेटला, कुठला, किती वाजता, सगळं वहीत टिपायचं. त्या वहीला लॉग म्हणतात. आलेल्या आवाजाला गुणही द्यायचे असतात. ‘पाच-नऊ’ म्हणजे पैकीच्या पैकी, ‘बापा, काय खणखणीत येऊन राह्यला तू!’ तीस वर्षांत माझ्या अशा बत्तीस वह्या भरल्या.

दोन-अडीच वर्षांपूर्वी माझ्या बायकोनं, नलूनं, या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं मनावर घेतलं. लॉग ठेवायचं एक सॉफ्टवेअर मी आणलं होतं, पण पहिल्या वहीच्या तिसऱ्या पानावर माझा उत्साह संपला होता.

“तुले नाही जमणार,” मी म्हणालो.

“सरका,” ती म्हणाली.

रोज दुपारी भांडी आवरून ती बसायची, ते चार वाजेपर्यंत. एका बोटानं टकटक, टकटक. मला वाटलं, आठवड्यात सोडून देईल. तिनं दोन वर्षं लावली आणि शेवटच्या वहीची शेवटची ओळ चढवूनच उठली. या काळात माझे सगळे दोस्त तिच्याही ओळखीचे झाले. मेथी निवडता निवडता म्हणायची, “अवो, तुमचा तो अर्जेंटिनाचा पाब्लो दिवाळीपासून कुठीच दिसला नाही. बिमार पडला असंन का?” मी वही चाळायचो, तर खरंच पाब्लो पुढं कुठल्याच पानावर नसायचा! मी त्याच्याशी इतक्यांदा बोललो होतो, पण तो गायब झाल्याचं मला कधी कळलंच नव्हतं.

काम संपलं त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. मी मनापासून कौतुक केलं. (कॉम्प्युटरचं.) आणि पुढच्याच आठवड्यात बत्तीसच्या बत्तीस वह्या रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवल्या.

“राहू द्या ना बापा, पडल्या राहतीन कोपऱ्यात,” नलू म्हणाली.

“नलू, कागदाले वाळवी लागते. कॉम्प्युटरले लागत नाही. हे विज्ञान आहे.”

विज्ञान म्हटलं की ती गप्प बसते. तिला पटतं म्हणून नाही. पुढं बोलून उपयोग नाही, हे तिला ठाऊक आहे म्हणून.

यंदा आमच्या मुलानं, सोनूनं, पुण्याहून माझ्यासाठी लॅपटॉप पाठवला, आणि खोकं येऊन पडलं नेमकं पितृपक्षात.

“घट बसले की उघडू,” नलू म्हणाली. “पित्रात नवी वस्तू सुरू करत नाहीत.”

“लॅपटॉपले काय समजते पित्र?”

“त्याले नाही समजत. तुमाले समजाले पायजे.”

आता पस्तीस वर्षं पोरांना ‘असं का, तसं का’ विचारायला शिकवलेला माणूस पंचांग बघून लॅपटॉप उघडणार का? मी तिच्यासमोर कात्री आणली आणि खोकं फाडलं. जुना कॉम्प्युटर मी कामरगावच्या भाऊजींना कबूल केला होता. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. त्यांना बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. ते दुसऱ्या दिवशी न्यायला येणार, म्हणजे बॅकअप आजच घ्यायला हवा होता.

तो मी घेतला. जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या सॉफ्टवेअरचं चित्र होतं. छोटासा मनोरा आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटासा बाण. (बाण म्हणजे रेडिओच्या लहरी बाहेर पडतात त्याची खूण असावी, असा माझा शास्त्रीय अंदाज होता.) ते चित्र उचललं आणि पेनड्राइव्हवर टाकलं. पापणी लवायच्या आत काम फत्ते!

“पाय नलू! तीस वर्षं, अन् एका सेकंदात!”

“इतक्या लवकर?” ती साशंक होती. “मले तर दोन वर्षं लागले.”

“तू बोटानं केलं. हे विजेवर चालते.”

एका पेनड्राइव्हवर भागवणारा मी नव्हे. मी पाच केले. एक कपाटात ठेवला आणि एक तांदळाच्या डब्यात. (चोर तांदूळ नेत नाहीत.) एक शेजारच्या कापडवाल्या शेठजींच्या तिजोरीत, चांदीच्या ताटाशेजारी. एक मालेगावला नलूच्या थोरल्या भावाकडे, विलासरावांकडे, त्यांच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यात. आणि पाचवा माझ्या सदऱ्याच्या खिशात, हृदयाजवळ. कारंज्याला आग लागली तर मालेगाव आहे, आणि मालेगावही गेलं तर मी आहे, अशी एकंदर व्यवस्था होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले.

“मास्तर, चालू कंडिशनमंधी हाये ना?”

“चालू? अवो, नवाच समजा!” (हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढं फार महागात पडलं.)

“मंग उद्याच मेकॅनिक बोलावतो. आतलं समदं धुऊन-पुसून घेतो, अन् मांडतो दुकानात.”

“पुसा! बिनघोर पुसा! माह्यापाशी पाच बॅकअप आहेत!”

भाऊजींनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून नेला. नलू दारातून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मी तिला हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

दोन दिवसांनी मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर ऐटीत बसलो. नवं सॉफ्टवेअर मुलानं पुण्याहूनच टाकून दिलं होतं. ते उघडलं. वर ठळक अक्षरांत आलं, एकूण संपर्क, शून्य. ठीक आहे. खिशातला पेनड्राइव्ह लावला. मनोरा आला, बाणही आला. मी टकटक केलं. लॅपटॉप म्हणाला की, ज्या वस्तूकडं हे चित्र बोट दाखवतं, ती वस्तू इथं नाही.

मी पुन्हा दाबलं. मग हळू दाबलं. मग जोरात दाबलं. मग कपाटातला लावला आणि मग तांदळाच्या डब्यातला, फुंकर मारून. शेठजी बिचारे आंघोळ करून आले आणि तिजोरी उघडून चौथा काढून दिला. सगळीकडं तोच मनोरा, तोच बाण आणि तेच उत्तर. मग मालेगावला फोन लावला.

“विलासराव, तुमच्याकडचा पेनड्राइव्ह जरा दुकानातल्या कॉम्प्युटरले लावून पाहा बरं.”

पलीकडून टकटक ऐकू आली.

“जवाईबापू, यात तर निरा शॉर्टकट आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे घराच्या दारावरची पाटी असते ना? तुमी पाटी उपटून आणली. घर तठीच राह्यलं.”

“अन् बाकीच्या चारात?”

“पाट्याच असतीन. पाच पाट्या झाल्या तुमच्यापाशी. घर कुठं आहे?”

घर कामरगावला होतं, आणि ‘बिनघोर पुसा’ म्हणून त्याच्या किल्ल्या मीच दिल्या होत्या!

भाऊजींना फोन लावला, लागला नाही. ताईचाही लागला नाही. सोयाबीनचे दिवस, सगळे शेतात, आणि शेतात रेंज नाही. नलू शेजारी विरजण मागायला गेली होती. तेवढ्या वेळात मी चोरासारखा घराबाहेर पडलो आणि रद्दीवाल्याकडं धावलो.

“वह्या? त्या तर कवाच गेल्या गुरुजी! बोंड्याच्या गाडीवाला घेऊन गेला समद्या. कागद चांगला होता म्हणे.”

मी गाडीवर पोचलो. गाडीवाला माझा जुना विद्यार्थी निघाला.

“गुरुजी! या, या! तुमी कधी खात नाही बाहेरचं!”

“आज खातो. एक प्लेट आलुबोंडा दे. कागदात.”

कागद उलगडला, तर त्यावर ‘बल्गेरिया, पाच-सात’ माझ्याच अक्षरात! दुसरी प्लेट घेतली, तर तिच्यात केनिया. तिसरी घेतली, तर वर्तमानपत्र! चौथीत श्रीलंका, अर्धी तेलानं पुसलेली. आठ आलुबोंडे पोटात गेले तेव्हा हाती तीन पानं लागली. बाकीचं जग कारंज्यानं केव्हाच खाऊन टाकलं होतं.

घरी आलो, तर नलू दारातच उभी. माझ्या हातात तीन तेलकट कागद. तिनं एक घेतला, उजेडाकडं धरला आणि ओळखला. ज्या वह्यांवर दोन वर्षं घालवली, त्यातलं पान कुणीही ओळखेल. मग मी सगळं सांगितलं. मनोरा, बाण, पाट्या, भाऊजी, मेकॅनिक, सगळं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, साडी बदलली, चप्पल घातली आणि म्हणाली, “चाला.”

कामरगावच्या जीपमध्ये आम्ही दोघं आणि आणखी बारा माणसं. मी हळूच म्हणालो, “नलू, असंन काही ना काही शिल्लक.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नऊ हजार चारशे बारा.”

“काय?”

“नावं. नऊ हजार चारशे बारा. थंडीत पाठीत कळ येत होती माह्या, तरी बसत होती मी. वाटे, तुमी एवढं जिवापाड बोलले ह्या लोकायशी, त्यायचं नाव तरी राह्यलं पायजे.”

मला रडू आलं. खरंच आलं. शेजारी कोंबडी घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, “काय झालं जी, कोनी गेलं का?”

ताईच्या घरी पोचलो. ताई शेतातून नुकतीच येऊन हातपाय धूत होती.

“ताई, कॉम्प्युटर?”

“अरे, मेकॅनिक येऊन गेला ना कालच.”

नलू ओट्यावर बसूनच गेली. माझ्या पोटातले आठही आलुबोंडे जागच्या जागी थिजले.

“चहा पेला अन् चालला गेला बिचारा,” ताई पदराला हात पुसत म्हणाली. “बुढीमायनं हातच लावू देल्ला नाही त्याले!”

बुढीमाय म्हणजे ताईची सासू. वय नव्वदीच्या घरात, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी आत धावलो. कोपऱ्यात, चादरीत गुंडाळलेला, माझा कॉम्प्युटर जसाच्या तसा! आणि शेजारी खाटेवर, हातात काठी घेऊन, पहाऱ्यावर बुढीमाय.

“माय!” मी अक्षरशः तिच्या पाया पडलो. “तुमी वाचवलं!”

“पित्रात नवी वस्तू सुरू करत नाहीत,” बुढीमाय म्हणाली. “शिकेल-सवरेल लोकायले एवढं समजत नाही.”

“बराबर! अगदी बराबर!” मी म्हणालो आणि चादरीची गाठ सोडायला लागलो. काठी माझ्या मनगटावर आली.

“मी काय सांगून राह्यली मंग?”

“माय, ही नवी वस्तू नाही! जुनी आहे! दहा वर्षं वापरली आमी!”

“काहून खोटं बोलतं? पोरगा तर म्हणे मास्तर म्हणते नवाच समजा!”

“ते मी उगंच म्हतलं होतं...”

“म्हंजे जुनं भंगार नवं म्हणून देल्लं माह्या पोराले?”

नवा म्हटलं तर सुरू करता येत नाही, जुना म्हटलं तर बहिणीच्या सासरी फसवणूक! मी विज्ञानाचा आधार घ्यायचा प्रयत्न केला. “माय, विजेले काही तिथी नसते...” बुढीमायनं ताईकडं पाहून एवढंच म्हटलं, “निरा बह्याड आहे तुहा भाऊ.” बह्याड म्हणजे बावळट. ताईनं मान डोलावली. अमावास्येला अजून सहा दिवस होते, आणि दुकानाची घाई झालेले भाऊजी त्याआधी मेकॅनिकला पुन्हा आणणार नाहीत, याची खात्री कोण देणार?

तेव्हा नलू आत आली. बुढीमायच्या पायाशी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

“माय, याच्यात माणसायचे नावं हायेत. ह्यायचे दोस्त. काही तर आता ह्या जगातबी नाहीत. भुसावळचे कुलकर्णीकाका होते, रोज सकाळी बोलत. ते गेले. अर्जेंटिनाचा पाब्लो होता, तोबी गेला असंन. त्यायची आठवण म्हणून एवढंच राह्यलं. तेबी पुसून जाईन.”

बुढीमायनं मग काठी बाजूला ठेवली.

“गेलेल्याचे नावं हायेत?”

“हाव.”

“मंग काढ ना वं पोरी! पित्राचे तर दिवस हायेत. गेलेल्याले आता नाही आठवाचं त कवा?” आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “असं सांगाचं असते. तू वीजच सांगून राह्यला मघापासून!”

कॉम्प्युटर सुरू झाला. नलू समोर बसली. मी मदतीला वाकलो, तर ती म्हणाली, “सरका.” तिनं सॉफ्टवेअर उघडलं, वरच्या यादीतलं एक बटण दाबलं, पेनड्राइव्ह निवडला. बटणावर काय लिहिलं होतं? ‘बॅकअप’! दहा वर्षं ते तिथं होतं. मला फक्त मनोरा दिसला होता.

“तुले माहीत होतं?”

“मी रोज घेत होती ना. पण तो याच कॉम्प्युटरमंधी जमा होये. म्हतलं, बाहेरचा तुमी घेतसान. तुमी विज्ञानवाले.”

पट्टी हळूहळू भरत गेली. या वेळी एका सेकंदात नाही झालं, आणि त्याचा मला केवढा आनंद झाला! शेवटी आकडा आला, नऊ हजार चारशे बारा. नलूनं डोळे पुसले. मीही पुसले. ताईनं आम्हाला पाहून पुसले. तिला कारण माहीत नव्हतं.

निघताना बुढीमायनं ताईला हुकूम केला, “उद्या कावळ्याले पान ठेवशीन, तवा त्या कुलकर्ण्याचा अन् त्या पाबलूचा एक-एक घास जास्तीचा ठेवजो.”

माझ्यातला मास्तर काही केल्या गप्प बसेना. “माय, आपला कावळा अर्जेंटिनाले कसा जाईन?”

“तुह्या तारेवरून आवाज जाते ना? मंग कावळ्याले काय धाड भरली?”



घरी येऊन नलूनं लॉग लॅपटॉपमध्ये टाकला. घट बसायच्या आधीच! (“आता त्यायच्यासाठीच सुरू करून राह्यलो ना,” ती म्हणाली.) आणि मी जन्मात पहिल्यांदा तो नीट वाचायला घेतला. आजवर मी फक्त वरचा आकडा बघायचो. उजवीकडं सरकत गेलो, तर अगदी शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना निघाला. माझ्या वह्यांत तो रिकामाच असायचा. इथं तो भरलेला होता. तारीख बघून त्या दिवशीचं घरातलं नलूनं आठवून लिहिलं होतं.

‘सोनूला ताप. हे ब्राझीलशी बोलत होते.’

‘लग्नाचा वाढदिवस. जपान लागला. जेवण थंड.’

‘मामंजींच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदा रेडिओवर बसले. आवाज बसला होता, पण बोलले. बरं वाटलं.’

पानामागून पान. माझी तीस वर्षं मी लिहिली होती, पण ती कशी गेली ते तिनं लिहिलं होतं.

“हे मले काहून नाही सांगतलं कधी?” मी विचारलं.

“सांगतलं ना. तुमी हेडफोन घालून होते.”

ती स्वयंपाकघरात गेली. मी सरकत सरकत तळाशी पोचलो, तर तिथं आजच्या तारखेची एक नवी नोंद होती. ठिकाण, कारंजा, स्वयंपाकघर. ऑपरेटर, नलू. आवाज, पाच-नऊ. आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘यांचं बोलणं पाच-नऊ. ऐकणं शून्य.’

दुसऱ्या दिवशी नलूनं स्वतः पाच बॅकअप घेतले आणि पाचही जागच्या जागी पाठवले. कपाट, तांदळाचा डबा, शेठजींची तिजोरी, मालेगावचा गल्ला आणि माझा खिसा. त्यामुळे आता कारंज्याला आग लागो की मालेगाव वाहून जावो, माझं ऐकणं शून्य असल्याचा पुरावा कायमचा सुरक्षित आहे!